कंट्रोलरमध्ये एलईडी बसवताय? या चुका टाळा

एलईडी मॉड करून (म्हणजे आत आपले दिवे बसवून) बिघडलेले गेमचे कंट्रोलर मी बऱ्यापैकी उघडून बघितलेत, आणि त्यात सोल्डरिंग वाईट म्हणून गेलेले तसे कमीच निघतात. जास्त करून असं असतं की करंट किती जाणार, तो कुठून घ्यायचा, याचा हिशोबच कोणी केलेला नसतो. सोल्डरिंग सवयीने सुधारतं, पण हा हिशोब मात्र सोल्डरिंग आयर्न गरम करायच्या आधी कागदावरच व्हायला पाहिजे.

मी इथे मुख्यतः एक्सबॉक्स ३६० च्या वायरवाल्या कंट्रोलरबद्दल लिहितोय. पीसीवर खेळणाऱ्या पुष्कळ जणांकडे तो अजून घरात पडलेला असतो, आत जागा बरी आहे, बॅटरीची भानगड नाही आणि यूएसबीतून सरळ ५ व्होल्ट मिळतात. पहिल्यांदा करणार असाल तर यावरच हात बसवा, प्लेस्टेशन ५ चा महागडा ड्युअलसेन्स उघडू नका.

रेझिस्टर न लावणं

"एवढुसा एलईडी, त्याला कशाला रेझिस्टर" हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. रेझिस्टर म्हणजे करंटला आवर घालणारा छोटा भाग. एलईडीचं असं असतं की ठराविक व्होल्टेजपर्यंत तो जवळजवळ काहीच करंट घेत नाही, आणि ते ओलांडलं की व्होल्टेज जरासं वाढलं तरी करंट एकदम उसळतो. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, निळ्या-पांढऱ्याला ३ ते ३.४. आता ५ व्होल्टवर निळा लावायचाय, तो ३.२ खातो असं धरा, उरले १.८ व्होल्ट, आणि ५ मिलीअँप हवेत तर १.८ भागिले ०.००५ म्हणजे ३६० ओहम. दुकानात ३३० किंवा ३९० चा सहज मिळतो, दोन्हीपैकी कुठलाही चालेल. लालला उरतात ३ व्होल्ट, म्हणून ६८० लावा.

डेटाशीटवर २० मिलीअँप लिहिलेलं असतं म्हणून बरेच जण तेवढ्याचाच हिशोब करतात, आणि मग रात्री अंधारात खेळताना तो निळा उजेड सरळ डोळ्यात जातो. आजकालचे निळे एलईडी २ मिलीअँपलाही मस्त दिसतात. मी तर बटणाखालच्या निळ्याला सरळ १ किलोओहम लावतो आणि अजून कोणी उजेड कमी पडतोय म्हणून आलेलं नाही.

चार रंगांना एकच रेझिस्टर

ही चूक नीट समजून घ्या कारण हिच्यात माणूस तासन् तास अडकतो. ए, बी, एक्स, वायला चार रंग लावले, चारही पॅरलल (म्हणजे सगळे त्याच दोन वायरींवर) जोडले, सुरुवातीला एक रेझिस्टर टाकला आणि काम झालं असं वाटलं. केबल लावली तर लाल झकास पेटतो, निळा ढिम्म. मग निळा मेला असं समजून तो काढतात, दुसरा लावतात, तोही पेटत नाही, तिसरा लावताना बोर्डचा पॅडच (सोल्डर करायची तांब्याची टिकली) उखडतो. निळ्याला काहीच झालेलं नसतं! लाल २ व्होल्टलाच करंट ओढायला लागतो त्यामुळे ती सगळी लाइन २ च्या आसपासच अडकून राहते आणि निळ्याला हवे असलेले ३ व्होल्ट कधी मिळतच नाहीत. खात्री करायची तर लालची एक वायर सोडवा, निळा लगेच पेटेल. उपाय एकच, प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. सगळे एकाच रंगाचे असले तरी तसंच करा, कारण एकाच पाकिटातल्या एलईडींमध्येही थोडा फरक असतो आणि मग उजेड कमीजास्त दिसतो.

आणि दोन निळे सिरीजमध्ये (एकामागे एक जोडून) ५ व्होल्टवर चालवायचा नाद सोडा, दोघांना मिळून ६ च्या वर लागतात.

पॉवर चुकीच्या जागेवरून घेणं

वायरवाल्यात केबलची लाल वायर म्हणजे ५ व्होल्ट आणि काळी म्हणजे ग्राउंड, पण केबल बदललेली असेल तर रंगावर विश्वास ठेवू नका, मल्टीमीटर लावून बघा. वायरलेसमध्ये लोक सरळ बॅटरीच्या टोकांवरून घेतात, कारण ते सोपं पडतं. मग कंट्रोलर बंद केला तरी लाइट चालूच. प्लेस्टेशन ४ च्या ड्युअलशॉक ४ ची बॅटरी १००० मिलीअँप-अवरची असते, चार एलईडी ३-३ मिलीअँपचे म्हणजे १२ मिलीअँप, म्हणजे फुल चार्ज करून ठेवलेला कंट्रोलर नुसता कपाटात पडूनसुद्धा साडेतीन दिवसांत रिकामा. वर लिथियम बॅटरी फुल असताना ४.२ व्होल्ट आणि उतरताना साडेतीनच्या खाली, त्यामुळे निळा-पांढरा हळूहळू मंद होत जातो आणि लोकांना वाटतं कनेक्शन लूज आहे. बोर्डवर अशी जागा शोधा जिथे कंट्रोलर चालू केल्यावरच व्होल्टेज येतं आणि बंद केल्यावर जातं, मीटरने दोन्ही वेळा मोजल्याशिवाय वायर जोडू नका. आणि बॅटरीचा कनेक्टर काढल्याशिवाय आयर्न जवळ न्यायचं नाही, यात अजिबात सूट नाही.

रंग बदलणारे डब्ल्यूएस२८१२बी एलईडी लावणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. त्यातला एकेक एलईडी पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलीअँपपर्यंत घेतो. आठ लावले तर ४८० झाले, आणि यूएसबी २.० पोर्टची मर्यादाच ५०० आहे, त्यात कंट्रोलरचं स्वतःचंही खाणं आलं. लक्षण ओळखायला सोपं आहे, लाइट पूर्ण उजेडावर गेला की विंडोजचा डिव्हाइस निघाल्याचा आवाज येतो आणि गेममध्ये कंट्रोलर गायब. ब्राइटनेस कोडमधून पाव करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. बॅटरीवर मात्र हे एलईडी लावूच नका असं माझं मत आहे, कारण विझलेले दिसले तरी आतली चिप थोडा करंट घेतच राहते.

सोल्डरिंगच्या चुका

एलईडी बऱ्याचदा ०६०३ साइजचा असतो, म्हणजे १.६ बाय ०.८ मिलीमीटर. कंपनीचं सोल्डर बिनशिशाचं असतं, ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं, आणि वितळत नाही म्हणून लोक आयर्न दाबतात, तिथेच पॅड सुटतो. जुन्या जॉइंटवर आधी थोडं ६३/३७ (कथील-शिशाचं) सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट) घाला, ते १८३ ला वितळतं त्यामुळे मिश्रण लवकर सुटतं, आणि टीप ३२० ते ३५० वर ठेवा. तापमान सेट न होणारं २५ वॅटचं साधं आयर्न असेल तर एका जागी दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका. नळकामाचा ॲसिडवाला फ्लक्स तर लांबच ठेवा, तो पुढे जाऊन तांबं खातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत रोझिनवाला (राळेचा) मागा.

उलटसुलट लागण्याचा घोळही नेहमीचा. एलईडीच्या पोटावरची हिरवी खूण प्रत्येक कंपनी सारखीच देते असं नाही, त्यामुळे लावायच्या आधी तपासा. मल्टीमीटरच्या डायोड मोडवर लाल पेटतो पण स्वस्तातल्या मीटरवर निळा पेटेलच असं नाही, तेव्हा सीआर२०३२ सेलला टेकवून बघा. त्या सेलमधून फार करंट येतच नाही म्हणून क्षणभर रेझिस्टरशिवाय चालतं.

केस बंद करताना

स्क्रू टी८ सिक्युरिटीचे असतात, मधे भोक असलेलंच बिट लागतं, आणि वायरलेस ३६० मध्ये एक स्क्रू बॅटरीच्या खणातल्या स्टिकरखाली लपलेला असतो. तो न काढता ओढाताण केली की शेलच तडकतं.

हँडलमधल्या मोटरींवर अर्धवट कापलेली लोखंडी वजनं फिरतात. बारीक वायर तिथून नेली तर टेबलावर टेस्ट करताना सगळं ठीक असतं आणि गेममध्ये पहिला स्फोट झाला की वजन वायरला धरून गुंडाळून टाकतं. वायर बोर्डच्या कडेने न्या, कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारा पातळ टेप) चिकटवा, आणि ट्रिगर पूर्ण दाबून बघा की खाली काही चेमटत नाहीये. फेविक्विक वापरू नका, त्याची वाफ आजूबाजूच्या पारदर्शक प्लास्टिकवर बसून पांढरट डाग पडतो जो जात नाही, शिवाय पातळ असल्यामुळे ते बटणात उतरतं. उजेड वाढावा म्हणून आत ॲल्युमिनियम फॉइल लावणारेही बघितलेत, ते सरळ शॉर्टला आमंत्रण आहे, पांढरा टेप लावा. उजेडाचा एकच ठिपका दिसत असेल तर पारदर्शक बटण आतून ४०० च्या पॉलिश पेपरने घासा, उजेड छान पसरतो.

काहीच चालत नसेल तर

आधी एलईडीची पॉझिटिव्ह वायर सोडवा आणि कंट्रोलर चालतो का बघा. चालला तर दोष तुमच्या वायरिंगमध्ये. नाही चालला तर केबल काढून ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये रेझिस्टन्स मोजा, शून्याजवळ आला तर कुठेतरी सोल्डरचा थेंब चिकटलाय. तो सापडेपर्यंत परत परत पोर्टला लावून बघू नका.

ड्युअलशॉक ४ मध्ये एलईडीचं तयार किट टाकल्यावर सगळीच बटणं गेली तर घाबरू नका, बटणांची फिल्म (पातळ प्लास्टिकवर छापलेलं सर्किट) बोर्डवर जिथे टेकते तिथे ती सरकलेली असते किंवा तिच्याखालचा फोम बसलेला असतो. फिल्म खुंट्यांवर नीट बसवून परत स्क्रू लावा.

आणि मॉडनंतर कॅरेक्टर आपोआप एका बाजूला चालायला लागलं तर बहुतेक फ्लक्स स्टिकच्या पोटेन्शिओमीटरमध्ये (स्टिक किती वळली ते मोजणारा भाग) उतरलाय. ९९ टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) दोन थेंब टाकून स्टिक गोल गोल फिरवा, पूर्ण वाळू द्या, मग बघा. तरी हा ड्रिफ्ट (आपोआप सरकणं) राहिला तर अख्खं मॉड्यूल बदलावं लागतं, आणि त्याचे सगळे मिळून १४ पाय सोडवायचे असतात, तेव्हा आयर्नबरोबर सोल्डर सकर हाताशी ठेवा.