पूलचं पाणी गढूळ म्हणून क्लोरीन ओतताय? आधी फिल्टरच्या या चुका टाळा

पूलचं पाणी जरा दुधाळ दिसायला लागलं की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, 'क्लोरीन वाढवा.' क्लोरीन वाढतं, मग तुरटी पडते, मग कुणीतरी ॲसिड सुचवतं आणि महिनाअखेरीला केमिकलचं बिल बघून खजिनदार वैतागतात. या सगळ्या धावपळीत पंप रूममध्ये जाऊन फिल्टरच्या प्रेशर गेजचा काटा मात्र कुणी बघितलेला नसतो. क्लोरीन जंतू आणि शेवाळ मारतं. मेलेलं शेवाळ, धूळ आणि बारीक कचरा पाण्याबाहेर काढायचं काम फिल्टरचं.

आपल्याकडे सोसायट्या, बंगले आणि कर्जत-अलिबागकडच्या फार्महाऊसवर बहुतेक ठिकाणी सँड फिल्टरच असतो. फायबरची टाकी, आत सिलिका वाळू, तळाशी बारीक फटींच्या प्लास्टिकच्या नळ्या म्हणजे लॅटरल, आणि वर किंवा बाजूला हँडल फिरवून पाण्याची वाट बदलणारा सहा पोझिशनचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. यंत्र साधं आहे. बिघडतं ते हाताळणीमुळे.

'दर सोमवारी बॅकवॉश'

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं, वार बघून करायचा नसतो, प्रेशर बघून करायचा असतो. फिल्टर नुकताच धुतलेला असताना गेज किती दाखवतं ते मार्करने टाकीवरच लिहून ठेवा. त्याच्यापेक्षा 8 ते 10 पीएसआय, म्हणजे किलोच्या गेजवर साधारण अर्धा ते पाऊण किलो, काटा वर गेला की बॅकवॉश. त्याआधी केला तर नुकसानच होतं. वाळूत थोडा मळ अडकला की कणांमधल्या फटी अरुंद होतात आणि आणखी बारीक कचरा पकडला जातो. रोज धुतलेली वाळू त्यामुळे उलट कमी गाळते.

पाण्याचा हिशेब वेगळाच. 24 इंची फिल्टरमधून मिनिटाला सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी जातं. तीन मिनिटांचा बॅकवॉश म्हणजे 700 लिटर गटारात. एप्रिल-मेमध्ये टँकर मागवणाऱ्या सोसायटीने हे विनाकारण दर दोन दिवसांनी करणं मला तरी पटत नाही. उलट धुळवडीच्या वीकेंडला फार्महाऊसवर पन्नास माणसं रंगासकट पाण्यात उतरली असतील, तर एका दिवसात दोनदा बॅकवॉश लागू शकतो. 'ऑरगॅनिक' रंगांमध्ये बरेचदा मक्याचं पीठ असतं. ते भिजून वाळूच्या वरच्या थरावर चिकट साय धरतं आणि काटा बघता बघता चढतो.

काटा नेहमीपेक्षा खाली असेल तर बॅकवॉशचा काही उपयोग नाही. पंपाला पाणीच कमी मिळतंय. पूलची पातळी स्किमरच्या, म्हणजे काठावरून पाणी आणि तरंगता कचरा ओढणाऱ्या खिडकीच्या, तोंडाखाली गेली आहे का, पंपाची बास्केट केसांनी आणि पानांनी भरली आहे का, हे बघा. पाणी परत येतं त्या इनलेटमधून बुडबुडे येत असतील तर पंप कुठून तरी हवा ओढतोय. बहुतेक वेळा बास्केटच्या झाकणाखालची ओ-रिंग कोरडी पडलेली किंवा चिरलेली असते. तिला व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियममुळे रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस घ्या. पंप पूलच्या पातळीच्या खाली असेल तर झाकण उघडण्याआधी सक्शनचे आणि रिटर्नचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर पंप रूमचाच पूल होईल.

चालू पंपावर हँडल फिरवणं

यावर मी तडजोड करत नाही. मल्टिपोर्टचं हँडल फिरवायचं तर पंप बंद हवा. टायमर लावला असेल किंवा लाइट जाऊन-येऊन असेल तर एमसीबीच पाडून ठेवा, हातात हँडल असताना पंप आपोआप सुरू व्हायला नको. व्हॉल्व्हच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं रबरी गॅस्केट असतं. वाहत्या पाण्याच्या दाबात हँडल फिरवलं की ते जागचं उचकटतं किंवा पिळवटतं.

त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून तर माणसं चुकीच्या दिशेने शोधत बसतात. पूलची पातळी रोज थोडी थोडी घटते. कमिटी म्हणते पूललाच गळती आहे, वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा. लाद्या उखडण्याआधी एक तपासणी करा. हँडल 'फिल्टर'वर ठेवून पंप चालू करा आणि बॅकवॉशच्या पाइपचं टोक बघा. तिथून बारीक धार लागली असेल, किंवा व्हॉल्व्हवरच्या काचेच्या छोट्या डबीत पाणी हलताना दिसत असेल, तर पूल ठणठणीत आहे, गॅस्केट गेलंय.

बॅकवॉश किती वेळ हेही त्या डबीतच कळतं. आधी चहासारखं पाणी येतं, मग फिकट होतं, पुन्हा एकदा गढूळतं आणि मग नितळ होतं. पहिल्या फिकट टप्प्यालाच थांबणारे बरेच. दोन-तीन मिनिटं लागतातच. त्यानंतर पंप बंद करून हँडल 'रिन्स'वर घ्या आणि पंप पुन्हा अर्धा ते एक मिनिट चालवा. हा टप्पा गाळला की 'फिल्टर'वर आल्याबरोबर इनलेटमधून मळाचा लोट थेट पूलमध्ये येतो आणि पोहणारे म्हणतात, फिल्टर धुतल्यावर पाणी जास्त घाण झालं.

तुरटी आणि ब्लीचिंग पावडर

तुरटीने कचऱ्याचे गोळे तळाशी बसतात, हे खरंच. पण तो गाळ नेहमीसारखा फिल्टरमधून व्हॅक्यूम केला तर वाळू गच्च होते. तुरटी टाकली, रात्रभर पंप बंद ठेवला, सकाळी हँडल 'वेस्ट'वर, म्हणजे पाणी वाळूत न जाता थेट बाहेर जाईल असं, ठेवून सावकाश व्हॅक्यूम केलं, हा योग्य क्रम. थोडं पाणी जाईल, जाऊ द्या. साध्या ब्लीचिंग पावडरमध्ये न विरघळणारा चुना बराच असतो, बोअरच्या जड पाण्यात आधीच क्षार असतात. पीएच 7.8 च्या वर राहिला की हे सगळं वाळूत बसतं आणि कालांतराने वाळूचा ढेकूळ होतो. पीएच 7.2 ते 7.6 मध्ये ठेवा.

टीसीसीएच्या, म्हणजे सावकाश विरघळणाऱ्या क्लोरीनच्या, गोळ्या स्किमरमध्ये टाकून पंप बंद ठेवू नका, तिथलं आम्लधर्मी पाणी पुढे पंपाचे धातूचे भाग खातं. आणि ज्या डब्यात टीसीसीए आहे त्यात कॅल्शियम हायपोक्लोराइट या दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनचा एक चमचासुद्धा पडू देऊ नका. या दोघांच्या मिश्रणाने आग लागते, स्फोट होतो.

वाळू

बॅकवॉश करूनही काटा खाली येत नसेल, किंवा काटा ठीक असूनही पाणी दुधाळ असेल, तर टाकी उघडून बघा. पंप बंद, प्रेशर शून्य, वरची हवा सोडायची चकती सैल, मगच झाकणाला हात. दाबाखालच्या टाकीचा क्लॅम्प सुटला तर झाकण तोफेसारखं उडतं.

आत हात घालून वाळू चोळा. चांगली वाळू मुठीतून सुटी पडते. केसांचं खोबरेल तेल आणि सनस्क्रीन साठलं असेल तर सुपारीएवढे मऊ गोळे हाताला लागतात, अंगठ्याने दाबले की आत राखाडी चिखल. कडेला एखादं भोक किंवा घळ दिसली तर पाणी वाळूतून न गाळता त्या वाटेने सरळ निघून जातंय. थोडे गोळे असतील तर फिल्टर क्लीनरने काम भागतं. दगडासारखा थर असेल तर वाळू बदलाच. एरवीही पाच-सात वर्षांनी बदलावी लागते.

बांधकामाची किंवा नदीची वाळू चाळून भरणारे महाभाग आहेत. त्यात माती असते आणि कण लहान-मोठे असतात. साधारण अर्ध्या ते पाऊण मिलीमीटर कणाची सिलिका वाळूच आणा. भरण्याआधी टाकी अर्धी पाण्याने भरा, मधल्या पाइपचं तोंड टेपने बंद करा आणि वाळू हळूहळू सोडा. वरून पोतं ओतलं की लॅटरल मोडतात. मग इनलेटखाली पूलच्या तळाशी वाळूची छोटी टेकडी साचायला लागते. ती दिसली तर दुसरं काही शोधू नका.

वाळूऐवजी घड्यांच्या कापडाचा कार्ट्रिज फिल्टर असेल तर प्रेशर वॉशर मारू नका, घड्यांचं कापड फाटतं. आधी तेल काढणाऱ्या क्लीनरमध्ये भिजवा, क्षारांसाठी ॲसिड नंतर. क्रम उलटला तर तेल कापडात कायमचं बसतं.

महिनोन्महिने बंद राहिलेला फार्महाऊसचा पूल सुरू करताना पंप थेट 'फिल्टर'वर चालू करू नका. आतली साचलेली घाण सगळी पाण्यात येईल. आधी बास्केट साफ करा, पंपात पाणी भरा, कारण कोरडा फिरला तर सील जळतं. मग बॅकवॉश, रिन्स, आणि काटा परत मार्करच्या खुणेपाशी येतोय का ते बघा. नाही आला तर पाहुण्यांचं बुकिंग घेण्याआधी टाकी उघडा.