पाळी जातानाची गोळी घोडीपासून बनलेली आहे का, हे कसं ओळखायचं

अंगातून वाफा निघायला लागल्या, रात्री घामाने उशी भिजायला लागली की डॉक्टर हार्मोनची गोळी लिहून देतात आणि आपण स्ट्रिप फोडून घेतो. मी पण चार महिने तशीच घेत होते, मग एका दुपारी पाकिटातला घडीचा कागद उघडून वाचला. माझ्या गोळीचं प्रेमारिन हे नावच प्रेग्नंट मेअर्स यूरिन या शब्दांतून आलंय, म्हणजे गाभण घोडीचं मूत. अमेरिकेत १९४२ पासून विकतात, आणि मला कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

कॅनडात मॅनिटोबाकडच्या फार्मांवर हिवाळाभर गाभण घोड्या अरुंद कप्प्यात बांधून ठेवायचे, मूत गोळा करायला मागे रबराची पिशवी लावलेली, धड वळता येत नाही, आणि घोडी म्हणजे दिवसभर चालत चरणारं जनावर हो. ११ महिने पोटात वाढवलेली शिंगरं या धंद्याला नकोच असतात, त्यातली कितीतरी कत्तलखान्यात गेली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ही गोळी आणि सोबत प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं हार्मोन, घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचा आणि स्ट्रोकचा धोका वाढलेला दिसला, तेव्हा खप पडला, बरेच फार्म बंद झाले, पण औषध अजून मिळतं.

तर करायचं काय, स्ट्रिप उलटी करा, मोठ्या अक्षरातलं नाव सोडा आणि बारीक अक्षरातलं वाचा, चष्मा लावून. कॉन्ज्युगेटेड एस्ट्रोजेन्स (एस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनांचं मिश्रण) लिहिलं असेल तर घोडीचं की सिंथेटिक हे केमिस्टला विचारा, कारण दोन्ही असतात. क्रीमचं पण बघा, ते सगळ्या विसरतात. एस्ट्राडायॉल, एस्ट्राडायॉल व्हॅलरेट किंवा एस्ट्रिऑल असेल तर ते घोडीचं नाही. एस्ट्राडायॉल साधारण सोयाबीन नाहीतर रानकंदापासून सुरुवात करून बनवतात आणि आपली बीजकोशं बनवतात तेच ते हार्मोन.

डॉक्टरांना सरळ म्हणा, मला एस्ट्राडायॉल चालेल का, जेल किंवा पॅच मिळेल का. कातडीतून जाणारं औषध आधी लिव्हरमधून जात नाही म्हणून गोळीपेक्षा रक्ताच्या गुठळीचा धोका कमी धरतात. नुसतं खाली कोरडं पडून जळजळ होत असेल तर एस्ट्रिऑलचं क्रीम बऱ्याच जणींना पुरतं.

गर्भपिशवी काढलेली नसेल तर एस्ट्रोजेनच्या गोळी, जेल किंवा पॅचबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर पिशवीचं अस्तर जाड होऊन कॅन्सरची भीती असते, म्हणून मैत्रिणीचं जेल उसनं आणून लावू नका गं. चालू गोळी पण आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. आणि स्तनाचा कॅन्सर किंवा गुठळी होऊन गेली असेल तर वाफांवर हार्मोन नसलेल्या गोळ्या पण असतात, त्या विचारा.