पिवळ्या पाटीचा विमा: ओला-उबरला गाडी लावण्याआधी

नवीन पोरं फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, इन्शुरन्स कितीला बसेल?" मी उलटे दोन प्रश्न विचारतो. आरसी कुणाच्या नावावर आहे आणि स्टेअरिंगवर कोण बसणार? या धंद्यात विम्याचं सगळं त्यावर ठरतं. आकडा नंतर.

तरी आकड्यापासूनच सुरू करू, कारण तो ऐकून घाम फुटतो. थर्ड पार्टीचे, म्हणजे समोरच्याच्या भरपाईच्या विम्याचे, दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या घरगुती गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये पडतात. तीच गाडी टॅक्सी पासिंगची, म्हणजे आरटीओत टॅक्सी म्हणून नोंदलेली, असली की ७,९४० रुपये, शिवाय पासिंगमधल्या दर प्रवाशामागे ९७८ रुपये. म्हणजे चार प्रवाशांच्या डिझायर टूरला ११,८५२ रुपये झाले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हिशोब अजून वेगळाच. थर्ड पार्टीत डिस्काउंट देतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. घासाघीस होते ती फक्त ओन डॅमेजमध्ये.

हा फरक बघून काहींना वाटतं, पांढऱ्या पाटीवरच, म्हणजे घरगुती नंबरप्लेटवरच, भाडी मारू. घरगुती गाडीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' अशी ओळ असते आणि त्यात भाड्याने प्रवासी नेणं बसत नाही. भाड्यात असताना गाडी ठोकली की तुमच्या गाडीचा क्लेम नामंजूर होऊ शकतो. समोरचा जखमी झाला असेल तर कोर्ट अनेकदा कंपनीला भरपाई द्यायला लावतं आणि तो पैसा गाडीमालकाकडून वसूल करायची मुभाही देतं. परमिट नसलेल्या गाडीबाबत सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हेच केलं. वर्षाला आठ-नऊ हजार वाचवायला जाऊन लाखांची वसुली मागे लावून घेण्यासारखं यात काही नाही.

लायसन्सची धास्ती मात्र आता कमी झाली आहे. साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचं ट्रान्सपोर्ट वाहन चालवता येतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. परमिट, पासिंग, बॅच (टॅक्सीचालकाचा बिल्ला) यांतून सुटका त्याने होत नाही.

आता मालकाच्या गाडीवर बसणाऱ्यांसाठी. पुण्यात बरेच जण असेच सुरू करतात; मीही केलं. पॉलिसीवर १५ लाखांचा अपघात विमा दिसतो, पण तो मालक-चालकाचा असतो. आरसीवर नाव आणि खिशात लायसन्स, दोन्ही असलेल्या माणसासाठी. तुम्ही त्यात नाही. मालकाकडून पॉलिसीचं पान मागून घ्या आणि 'पेड ड्रायव्हर' (पगारी चालक) लायबिलिटीसमोर ५० रुपये भरलेत का ते बघा. होय, ५० रुपये, आणि तेही वाचवणारे मालक आहेत. ते भरलेले असले तरी स्वतःच्या नावावर वेगळी अपघात पॉलिसी काढाच, व्यवसाय 'टॅक्सी चालक' असा खरा लिहून. अ‍ॅपवाल्यांचं कव्हर मिळतं, त्याच्या अटी वाचा. पण ते माणसाचं असतं, गाडीचं नाही.

क्लेम प्रत्यक्षात कसा चालतो ते माझ्याच गाडीवरून सांगतो. पावसाळ्यात नवले पुलाच्या उतारावर ट्रॅफिकमध्ये मागून टेम्पो बसला. मागचा बंपर फुटला, डिकी आत गेली, काच गेली. गाडी हलवायच्या आधी मी चारही बाजूंनी फोटो काढले, टेम्पोचा नंबर घेतला आणि तिथूनच कंपनीला फोन केला. नुकसान तपासणारा सर्व्हेअर गॅरेजला आला. त्याने फुटलेल्या बंपरकडे नुसतं बघितलं आणि आधी बॉनेट उघडायला लावलं. मळलेल्या फडक्याने चेसिस नंबर पुसला, मोबाईलच्या टॉर्चमध्ये एकेक अक्षर आरसीशी जुळवलं. मग परमिट, फिटनेस, लायसन्स. "भाडं चालू होतं का?" मी अ‍ॅपमधली ट्रिप दाखवली. पिवळी पाटी, टॅक्सीची पॉलिसी, त्यामुळे लपवायचं काही नव्हतं. बिल झालं तेव्हा काचेला घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, शून्य. बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून त्याचे निम्मे पैसे माझे. रंगाच्या मटेरियलचेही निम्मे माझे आणि डिकीच्या पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे कात्री. वर सक्तीचा एक्सेस, म्हणजे क्लेममधला मालकाने सोसायचा ठरलेला वाटा, वेगळा कापला. नव्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) मिळत असेल तर घ्या. टॅक्सीला सगळ्या कंपन्या देत नाहीत, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा.

गाडी गॅरेजला उभी होती त्या दिवसांची कमाई कुणी दिली नाही. साध्या पॉलिसीत ती नसतेच. बँकेचा हप्ता मात्र तारखेला गेला. एका हप्त्याएवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय या धंद्यात उतरू नका, असं मी म्हणतो ते त्यासाठी.

लोनवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, एजंटला परस्पर खाली आणू देऊ नका. प्रीमियम हजारभर कमी दिसतो, पण गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली की मिळणारा पैसा आधी बँकेकडे जातो. दीड वर्षाच्या गाडीची किंमत विम्याच्या तक्त्यात २० टक्क्यांनी उतरलेली असते, लोन बऱ्याचदा तेवढं उतरलेलं नसतं. मधला खड्डा तुम्हीच भरायचा.

सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर आरसी आणि पॉलिसी दोन्हींवर त्याची नोंद करून घ्या.

किरकोळ खरचटलं तर क्लेम करण्याआधी एनसीबीचा, म्हणजे नो क्लेम बोनसचा, हिशोब करा. क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षाला २० टक्के, पुढे वाढत ५० टक्क्यांपर्यंत सूट ओन डॅमेजमध्ये मिळते आणि एका क्लेमने ती जाते. दोन-तीन हजारांच्या डेंटसाठी ती घालवणं मला पटत नाही. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी एनसीबी जाते. पण तेवढं थांबायची वेळच येत नाही, कारण कागद संपला की अ‍ॅप आयडी बंद करतं. शिवाय विमा नसताना पकडलं तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा पकडलं तर ४,००० रुपये दंड. रिन्यूअल आठवडाभर आधी करा आणि नवी पॉलिसी लगेच अ‍ॅपवर चढवा. तपासणीला दोन दिवसही लागू शकतात.