दसरा-दिवाळीत जुना फ्लॅट विकायचाय? पडदे राहू दे, आधी भिंत बघा

गणपती गेले की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात, फ्लॅट काढायचाय, दसऱ्याच्या सुमारास गिऱ्हाईक बरं मिळतं म्हणे, तर घर जरा छान दिसायला काय करू? आणि पुढचा प्रश्न हमखास सोफ्याची कव्हरं बदलू का. नका बदलू. सोफा तुमच्याबरोबर जाणारे, पार्टीला, म्हणजे घर घेणाऱ्याला, त्याचं काय?

नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, एकदा स्वतःचा असे बरेच रिसेल फ्लॅट मी विक्रीसाठी तयार केलेत, बहुतेक पुण्यातले, जुन्या तीन-चार मजली सोसायट्यांतले. त्यामुळे खाली लिहिलंय ते अशाच घरांबद्दल. नव्या टॉवरमधल्यांनी हवं तेवढं घ्या.

दिवसांचं गणित

दसरा साडेतीन मुहूर्तांतला, दिवाळी पाडवा त्यातला अर्धा, त्यामुळे टोकन, म्हणजे व्यवहार पक्का करायची पहिली रक्कम, द्यायला लोकांना हेच दिवस हवे असतात. पण त्याआधी पितृपंधरवडा येतो आणि त्यात घर बघायला जवळजवळ कुणी फिरकत नाही. एजंट म्हणतात, आत्ता काही हलणार नाही, निवांत बसा. अजिबात निवांत बसायचं नाही! हेच दिवस आपल्या कामाचे. गवंडी, प्लंबर, रंगारी या दिवसांत त्यातल्या त्यात मोकळे असतात, घट बसले की दिवाळीच्या रंगकामांना लागतात आणि मग फोनसुद्धा उचलत नाहीत.

अडगळ

माळा रिकामा करा, भंगारवाल्याला बोलवा, बाल्कनीतल्या तुटक्या कुंड्या आणि बंद पडलेला कूलर काढा. यात शिकण्यासारखं काही नाही.

ओल. खरं काम हेच

आता मुद्द्याचं. वीस-तीस वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये पावसाळ्यानंतर एखादी तरी भिंत ओली निघतेच. पाऊस आदळतो त्या पश्चिमेच्या बाजूची, नाहीतर खिडकीच्या खालची, नाहीतर बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमची. मला या कामात सगळ्यात जास्त कशाने दमवलं असेल तर या ओलीने, बाकी सगळं पैसे टाकले की होतं.

लोक काय करतात, तर पोपडे खरवडतात, वरून पुट्टी ओढतात आणि दोन हात रंग मारून मोकळे होतात. चार दिवस भिंत झकास दिसते. मग पाऊस जातो, ऑक्टोबर हीट सुरू होते आणि भिंतीच्या पोटातलं पाणी बाहेर यायला लागतं, येताना विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन येतं, ते रंगाच्या मागे साठतात आणि रंग पुरीसारखा फुगतो. हे होतं कधी, तर पार्टी दुसऱ्यांदा आई-वडिलांना घेऊन येते तेव्हा. माझ्या एका नात्यातल्या घरी कॉन्ट्रॅक्टरने भर पावसात, "हा स्पेशल डॅम्पचा पेंट आहे ताई" म्हणून भिंत रंगवून दिली होती. नवरात्रात तिला फोड आले, आणि मग पार्टीला बाकीच्या चांगल्या भिंतींचाही संशय यायला लागला. नुकसान होतं ते असं.

ऑइल पेंट, वॉलपेपर आणि हल्ली निघालेली ती पीव्हीसी पॅनेल, हे ओल्या भिंतीवर लावायला कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. पाणी आतच कोंडतं आणि बाजूच्या कोरड्या भिंतीत सरकतं.

मग करायचं काय? आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं, आणि त्यासाठी लगेच कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ आखा आणि बाजूला तारीख लिहा. पाऊस उघडल्यावर आठ-दहा दिवसांत डाग रेघेच्या आत आला तर पाणी पावसाचं, म्हणजे बाहेरची भेग किंवा खिडकीची कड. ऊन पडूनही डाग तसाच राहिला किंवा रेघ ओलांडून गेला तर पाणी घरातलं, म्हणजे पाइप किंवा बाथरूम. नुसता दमटपणा आहे की खरंच ओल, असा प्रश्न पडला तर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीत आहे, खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीच्या हवेतला दमटपणा आहे, त्याला खिडक्या उघडणं आणि पंखा पुरतो.

बाथरूमचा संशय असेल तर पाणी जायच्या जाळीचं तोंड बोळा लावून बंद करा, फरशीवर इंचभर पाणी साठवा आणि चोवीस तास ठेवा. खालच्यांना आधी सांगून त्यांचं छत बघून घ्या, नंतरही बघा. आणि दोष वरच्या मजल्याचा निघाला तर भांडायला जाऊ नका, वरच्या काकूंना खाली बोलवा आणि डाग दाखवा, तारखांच्या रेघांसकट. रेघा दिसल्या की वाद निम्म्याने कमी होतो हा माझा अनुभव आहे.

खर्चाचं बोलायचं तर महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, बाहेरच्या भिंती आणि गच्चीतून येणारी गळती दुरुस्त करणं सोसायटीकडे असतं, आपल्या संडास-बाथरूममधली गळती आपल्याकडे. त्यामुळे बाहेरची भेग असेल तर लगेच सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ती पोच पुढे पार्टीला दाखवायलाही कामी येते.

दुरुस्तीचा क्रम मात्र चुकवायचा नाही, आधी बाहेरून पाणी बंद, मग आतलं काम. बाहेरची भेग कोरडी झाल्यावरच भरायची. मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, पुण्याचंही साधारण तेच, म्हणजे सप्टेंबरमध्ये बाहेरून कोटिंग मारून देतो म्हणणाऱ्याला थांबवा. आतून खराब प्लास्टर डागाच्याही फूटभर पुढेपर्यंत विटांपर्यंत फोडायचं, आणि मग काही करायचं नाही. उघडं ठेवायचं, पंखा लावायचा. पांढरी पावडर दिसली तर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुवाल तर ते क्षार परत आत जातील. नंतर वॉटरप्रूफिंग घातलेलं प्लास्टर, त्याला आठवडाभर पाणी मारायचं आणि मग पुन्हा वाळू द्यायचं. नवं प्लास्टर रंगायला महिनाभर तरी थांबावं, आणि इथेच सगळ्यांचा धीर सुटतो कारण दसरा तोंडावर आलेला असतो.

तर माझं स्पष्ट मत, वेळ नसेल तर ती भिंत तशीच ठेवा. नवं प्लास्टर दिसू दे. प्लंबरचं बिल, फोडलेल्या भिंतीचे फोटो, सोसायटीची पोच एका फाइलीत ठेवा आणि पार्टीला आपणहून सांगा की इथे ओल होती, कारण हे होतं, काम हे केलंय, प्लास्टर वाळल्यावर रंग माझ्या खर्चाने करून देईन. मी बघितलेल्या पार्ट्यांपैकी पळाल्या त्या रंगाखाली लपवलेलं सापडल्यावर, सांगितल्यावर फारशी कुणी पळाली नाही. आणि हा नुसता चांगुलपणाचा प्रश्न नाही, मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे साध्या बघण्यात लक्षात येणार नाही असा मोठा दोष आपल्याला माहीत असेल तर तो खरेदीदाराला सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

वास

बंद कपाटांचा कुबट वास रूम फ्रेशनरने जात नाही, उलट दारातच घमघमाट आला की येणाऱ्या काकू पहिला प्रश्न विचारतात, ओल आहे का हो? कपाटं रिकामी करून दोन-तीन दिवस सताड उघडी ठेवा. बाहेरच्या देशातल्या व्हिडिओंमध्ये केक भाजत ठेवा, सुगंधी मेणबत्त्या लावा वगैरे सांगतात, ते त्यांच्याकडे चालत असेल.

रंग

कोरड्या भिंतींना ऑफ व्हाइट, एकच शेड सगळीकडे. संपलं.

उजेड

सप्टेंबरच्या शेवटापासून सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे उन्हाळ्यात जिथे ऊन येत नव्हतं त्या दक्षिणेच्या खिडकीतून ते आत यायला लागतं. वास्तुवाल्यांनी बदनाम केलेली ही खिडकी या सीझनमध्ये आपल्या बाजूने असते. जाड पडदे काढून टाका, काचा आणि जाळ्या धुवा, खिडकीपुढचं कपाट हलवा. व्हिजिट सकाळी दहा ते दुपारी चारच्या मध्ये द्या. एजंट ऑफिस सुटल्यावर रात्री आठला आणतो म्हणतात, पहिली भेट तरी तशी देऊ नका. ट्यूब पिवळी पडली असेल तर बदला, सगळ्या खोल्यांत एकाच रंगाचा प्रकाश असू दे.

देवघर आणि फोटो

घरातले सगळे फोटो काढा, घर हॉटेलसारखं करा, हा सल्ला मला पटत नाही. आपल्याकडे बघायला येणाऱ्यांत एक आजी-आजोबा असतातच आणि ते आधी देवघर कुठे, ओट्याशी उभं राहिल्यावर तोंड कुठल्या दिशेला आणि कॉर्पोरेशनचं पाणी किती वेळ येतं हे बघतात. देवघर स्वच्छ ठेवा, समई घासा, फोटो दोन-चार राहू देत. दाराला तोरण लावा पण प्लॅस्टिकचं नको, झेंडू या दिवसांत गल्लोगल्ली मिळतो.

सॅम्पल फ्लॅटशी स्पर्धा करू नका

दसऱ्याला बिल्डर नव्या स्कीम काढतात आणि पार्टी सकाळी तिकडचा सॅम्पल फ्लॅट बघून दुपारी तुमच्याकडे येते. तसलं फॉल्स सीलिंग वगैरे करून पैसे घालवू नका, तो नुसता सेट असतो. तुमच्याकडे ताबडतोब ताबा आहे आणि रिसेलला जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारणपणे ५ टक्के लागतो. हे एजंटने सांगेपर्यंत वाट बघू नका, तुम्हीच सांगा.

व्हिजिटच्या दिवशी

सगळे नळ आधी सोडून बघा, गिझर चालू ठेवा, घरात गर्दी नको, एकानेच बोलायचं. अ‍ॅग्रीमेंटची साखळी (आधीच्या सगळ्या खरेदी-विक्रीचे करार), इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, टॅक्स पावती आणि मेंटेनन्स भरल्याची पावती यांच्या झेरॉक्स तयार ठेवा. पार्टी त्या दुरुस्त केलेल्या भिंतीला हात लावून बघणार, लावू द्या. आणि पाडव्याला टोकन देतो म्हणाले तर हो म्हणा, पण चेक किंवा ऑनलाइन घ्या आणि उरलेली रक्कम किती दिवसांत येणार ते त्याच दिवशी कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा.