घरच्या घरी आवाजांचा रेडिओ

आमच्या बेळगावच्या वडगावात दिवस मागाच्या खटखटीनेच उजाडतो. तो आवाज जपायचा म्हणून जुन्या लॅपटॉपवर मी इंटरनेट रेडिओ सुरू केला. गाणी नाहीत, नुसते आवाज, कुठलाही कधीही.

आवाज गोळा करायला मोबाईल पुरतो. पण यंत्रमागाला खेटून उभं राहू नका. माझं पहिलं रेकॉर्डिंग तसंच फाटलं. दारातून, रेकॉर्डिंगच्या मीटरवरची पातळी वजा ६ डेसिबलच्या वर जाऊ न देता घेतलं, तेव्हा धोट्याचा ठोका न् ठोका सुटा ऐकू आला. मग खानापूरकडचा पाऊस, बाजारातली अर्धी मराठी अर्धी कानडी घासाघीस, कुंदा घोटताना कढईला घासणारा झारा. माणसांचा आवाज घेताना आधी विचारायचं, "मावशी, घेऊ का?"

पुढचं सोपं. लॅपटॉपवर दोन सॉफ्टवेअर लागतात: लिक्विडसोप फोल्डरमधली फाइल निवडतं, आइसकास्ट ती इंटरनेटवरून श्रोत्यांपर्यंत पोचवतं. लिक्विडसोपमध्ये फाइल निवडायची पद्धत 'रँडम' नको, 'रँडमाइझ' ठेवा. सगळे आवाज वाजल्याशिवाय एकही परत येत नाही. आइसकास्टचा आयता पासवर्ड 'हॅकमी' पहिल्याच दिवशी बदला. प्रसारणाचा डेटा-वेग ६४ केबीपीएस आणि मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा आवाज, पुरे, एका श्रोत्यामागे तासाला सुमारे २९ एमबी. आणि लाइट जाते तिथे राउटरही यूपीएसवर घ्या.