कास्क एल समजून प्यायची तर जिभेची तयारी बेळगावातच करा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून शिकायला किंवा नोकरीला इंग्लंडला गेलेली मंडळी तिथल्या पबमध्ये पहिली कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरणारी बिअर, पितात आणि बहुतेकदा एकच शेरा देतात: कोमट आहे, गॅस नाही, शिळी असावी. कधी ही तक्रार अगदी बरोबर असते, कधी साफ चूक. दोन्हींतला फरक कळण्यासाठी ही एल कशी बनते हे माहीत असावे लागते आणि चार-पाच चवी जिभेवर आधीच बसलेल्या असाव्या लागतात. त्या बसवायचे सगळे सामान आपल्या बाजारात मिळते.

आधी ती काय असते ते. बाटलीतली किंवा केगमधली (दाबाखालच्या धातूच्या पिंपातली) लागर, म्हणजे आपल्याकडची नेहमीची बिअर, कारखान्यातून निघते तेव्हा पूर्ण झालेली असते: गाळलेली, बहुधा तापवलेली, वरून गॅस भरलेली. कास्क एल पिंपात जाते तेव्हा तिच्यात यीस्ट जिवंत असते आणि शेवटचे आंबणे पबच्या तळघरात होते. त्यातून जेवढा वायू तयार होतो तेवढाच तिच्यात राहतो. एका लिटर एलमध्ये साधारण 1.1 ते 1.2 लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. लागरमध्ये तोच अडीच लिटरच्या आसपास. म्हणून ती जिभेला टोचत नाही. तळघर 11 ते 13 अंशांवर ठेवतात, म्हणून ती बर्फासारखी नसते. बेळगावच्या थंडीतली पहाट साधारण एवढीच असते, त्यामुळे 'कोमट' हा शब्द तिला लागू पडत नाही. तसेच अर्धी एल ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, बनवते आणि अर्धी तळघर सांभाळणारा. एकाच ब्रुअरीचे पिंप दोन पबमध्ये दोन चवींचे लागते ते यामुळेच. पहिल्या पिंटवरून ब्रुअरीला नावे ठेवू नयेत, हे आमचे ठाम मत आहे.

माल्टची चव घरी

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, बहुधा जव. किराणा दुकानातून पूजेसाठी मिळणारे सालासकट जव 300 ग्रॅम आणा. पॉलिश केलेल्या बार्लीला मोड येत नाहीत, ती घेऊ नका. आठ तास भिजवा, आठ तास निथळत ठेवा, पुन्हा आठ तास भिजवा. मग ओल्या सुती कापडावर पातळ पसरा, दिवसातून दोनदा हलवा आणि पाणी शिंपडा. बाहेर दिसणारी मुळे पाहून फसू नका. खरा मोड सालाखालून वाढतो. दाणा नखाने उभा चिरून पाहा. मोड दाण्याच्या पाऊण लांबीला पोचला की थांबायचे. याला तीन ते पाच दिवस लागतात. या वेळी दाण्याला काकडीसारखा वास येतो. कुबट वास आला किंवा पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर सगळे फेकून द्या, धुऊन वापरू नका.

एक मूठ ओला दाणा बाजूला काढा. बाकीचा एक दिवस पंख्याखाली आणि दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवा, मग चोळून मुळे झाडून टाका. मुळे राहिली तर कडवटपणा येतो. मिक्सरमध्ये थांबत थांबत भरड काढा. पीठ केलेत तर पुढे गाळताना चिखल होईल. साल शक्यतो अख्खे राहायला हवे, कारण तेच गाळणीचे काम करते.

आता 100 ग्रॅम भरड आणि 300 मिली पाणी. पाणी 72 अंशांवर असताना आधी गरम करून ठेवलेल्या थर्मासमध्ये दोन्ही एकत्र करा. मिश्रण 66 अंशांच्या आसपास स्थिरावते. तासभर झाकून ठेवा. दाण्यातली विकरे या तापमानाला पिठाची साखर करतात. मिश्रण 75 च्या वर गेले तर विकरे मरतात आणि हाती नुसती पेज राहते. 60 च्या खाली राहिले तर काम फार हळू चालते. खात्री करायची तर चमचाभर पाणी बशीत काढून टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळे-काळे झाले तर पीठ शिल्लक आहे. तो चमचा फेकून द्या आणि थर्मास आणखी अर्धा तास ठेवा. मग गाळून चाखा. जी गोडी लागेल ती साखरेची नाही, माल्टची, आणि प्रत्येक एलच्या तळाशी तीच असते.

यात यीस्ट घालून पुढे जायचे नाही. कर्नाटकात परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे. शिवाय आपले काम इथेच झाले आहे. हे पाणी त्याच दिवशी संपवा.

बाजूला ठेवलेला ओला दाणा विसरू नका, कारण इंग्लिश बिटरचा (तिथल्या नेहमीच्या कडवट एलचा) तांबूस रंग आणि टॉफीसारखी चव त्यातूनच येते. तो जाड बुडाच्या भांड्यात झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पाऊण तास ठेवा, म्हणजे सालाच्या आतच साखर होते. मग झाकण काढून तांबूस होईपर्यंत भाजा. गार झाल्यावर दाणा चावा: आत काचेसारखा कडक आणि गोड. याला क्रिस्टल माल्ट म्हणतात. बेळगावच्या कुंद्यात दूध आणि साखर आटताना जो किंचित करपट गोडवा येतो, त्याचीच ही धान्यातली बहीण. उरलेल्या सुक्या माल्टपैकी चमचाभर तव्यावर बिस्किटाच्या वासापर्यंत भाजा आणि चमचाभर काळपट होईपर्यंत. पहिली चव बिटरमध्ये सापडेल, दुसरी पोर्टर आणि स्टाउट या काळ्या एलमध्ये.

हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुले, इथे सहज मिळत नाहीत. कडवटपणाची ओळख करून घ्यायची तर चमचाभर मेथी पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवा आणि एक घोट घेऊन किती वेळ कडू लागते ते मोजा. हॉप्सचा कडवटपणा याहून कोरडा असतो, पण मागे रेंगाळतो तसाच. वासासाठी दोन जुन्या इंग्लिश जाती लक्षात ठेवा: फगल म्हणजे माती, लाकूड, गवत, गोल्डिंग्ज म्हणजे मध, फुले आणि हलका मसाला. निपाणीच्या वखारींत वावरलेल्यांना फगलमध्ये तंबाखूच्या सुक्या पानाची आठवण झाली तर त्यात काही वावगे नाही. गोल्डिंग्जसाठी खानापूरच्या रानातला मध हुंगून ठेवा.

शेवटी त्याच माल्टच्या पाण्याचे तीन पेले करा: एक फ्रिजमधला, एक 12 अंशांचा, एक खोलीतला. थंड पेल्यात गोडी दबते आणि वास जवळपास नाहीसा होतो. तळघराचे तापमान का पाळतात ते हा घोट सांगेल.

पबमध्ये

काउंटरवर लांब दांड्याचा हातपंप शोधा. त्याला लावलेल्या बिल्ल्यावर एलचे नाव आणि ताकद (अल्कोहोलचे टक्के) लिहिलेली असते. हा साधा दट्ट्याचा पंप आहे. एका ओढीत साधारण अर्धा पिंट येतो. उद्यमबागेत व्हॉल्व्ह बनवणाऱ्याला त्यातली एकदिशा झडप पाहताक्षणी कळेल. एक पिंट म्हणजे 568 मिली. आधी चव मागा, बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. मग अर्धा पिंट घ्या. दुपारी पब उघडताच घेतलेल्या पहिल्या पिंटवर निर्णय देऊ नका. रात्रभर नळीत राहिलेली एल त्यात येऊ शकते.

उत्तरेकडे नळीच्या टोकाला भोकाची चकती लावतात. तिने फेस दाट, सायीसारखा होतो आणि कडवटपणा सौम्य लागतो. दक्षिणेत चकती नसते, फेस पातळ असतो. दोन्ही बरोबर.

सुरुवात कुठून करावी? ऑक्सफर्डशायरमधल्या हुक नॉर्टन गावात 1849 पासून चालत आलेली ब्रुअरी आहे. तिची इमारत मनोऱ्यासारखी उंच आहे: पाणी आणि माल्ट वरच्या मजल्यावर न्यायचे आणि पुढची कामे वजनाने खाली उतरत करायची. तिची 'हुकी' 3.5 टक्क्यांची, हलकी. तुमच्या बिस्किट-माल्टची चव तिच्यात शोधा. 'ओल्ड हुकी' 4.6 टक्क्यांची, फळांच्या वासाची, भरदार. तिच्यात क्रिस्टल माल्ट शोधा. ससेक्समधल्या लुइस गावच्या हार्वीजची 'ससेक्स बेस्ट' 4 टक्क्यांची, जास्त कोरडी आणि हॉप्सच्या अंगाची. या तिन्हींचे अर्धे पिंट वेगवेगळ्या दिवशी घेतलेत तर इंग्लिश बिटरचा पट्टा बराचसा कळेल.

शाकाहारी लोकांनी एक विचारून घ्यावे. एल निवळण्यासाठी पारंपरिक पद्धतीत माशाच्या वाताशयापासून केलेले आयसिंग्लास घालतात. काही ब्रुअरी ते घालत नाहीत. अशी एल 'अनफाइन्ड' म्हणून विकतात आणि ती मुद्दामच गढूळ असते. बिल्ल्यावर तसे लिहिलेले नसेल आणि पेला गढूळ असेल, तर तो दोष समजा.

बाकीचे दोष नाकाने ओळखायचे. व्हिनेगर: पिंप उघडून फार दिवस झाले, हवा शिरली. ओला पुठ्ठा: ऑक्सिजन लागून शिळी झाली. कापलेले हिरवे सफरचंद: यीस्टचे काम पूर्ण व्हायच्या आत विकायला काढली. लोणी किंवा बटरस्कॉच: बहुधा तेच कारण, पण किंचित असेल तर काही इंग्लिश एलमध्ये चालते. डेटॉलसारखा औषधी वास: रानटी यीस्ट किंवा धुताना राहिलेले क्लोरीन. नुकत्याच ओढलेल्या काडीपेटीचा गंधकी वास मात्र इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या जिप्समयुक्त पाण्याच्या एलचा स्वभाव आहे. थोड्या वेळात उडतो. व्हिनेगर, पुठ्ठा आणि सफरचंद घरी वाटीत ठेवून डोळे मिटून हुंगण्याचा सराव करा.

दोष नक्की असेल तर दोन-तीन घोटांतच पेला परत न्या. "सॉरी, आय थिंक धिस वन्स गॉन अ बिट व्हिनेगरी" एवढे पुरते. पाऊण पेला पिऊन परत नेलात तर कोणी ऐकणार नाही.

तळघरात काम मिळाले तर

शिकता शिकता पबमध्ये काम करणारे बरेच असतात. त्यांनी हे नीट वाचावे.

नेहमीचे पिंप म्हणजे फर्किन: 9 गॅलन, 72 पिंट, सुमारे 41 लिटर. भरलेले एकट्याने उचलू नका. ते आडवे ठेवून पाचरी मारा, जरासुद्धा हलता कामा नये. वरच्या बुचात सच्छिद्र, मऊ खुंटी ठोका. तिच्यातून फेस उसळेल. पुसत राहा, खुंटी तुंबली तर बदला. फेस पुसल्यावर काही सेकंद परत येत नाही असे झाले की कडक खुंटी लावून उरलेला वायू आत कोंडा. उशीर केलात तर एल सपक होते, घाई केलीत तर पेल्यात नुसता फेस येतो.

तोटी लाकडी मोगरीच्या एका ठाम फटक्यात बसली पाहिजे. भीत भीत ठोकली की अर्धा लिटर अंगावर येते. मग गाळ बसू द्या आणि स्वच्छ पेल्यात नमुना काढून उजेडात पाहा. निवळ नसेल तर विकू नका. विक्री चालू असताना मऊ खुंटी हवी, नाहीतर पिंपात पोकळी होऊन गाळ ओढला जातो. रात्री पुन्हा कडक. पिंप निम्मे व्हायच्या सुमारास, विक्री बंद असताना, मागची बाजू अगदी हळू उचला. प्रत्येक पिंटबरोबर तेवढीच हवा आत जाते, म्हणून तोटी लागल्यापासून तीन दिवसांत पिंप संपायला हवे. कमी खपाच्या पबने मोठे पिंप घेणे हेच खराब एलचे सर्वांत मोठे कारण आहे.

परतताना पिंप आणता येत नाही, पण तळाशी यीस्ट असलेली 'बॉटल कंडिशन्ड' एल आणता येते. गोव्याच्या विमानतळावरून चोर्ला घाटाने येणार असाल तर राज्याच्या सीमेवरचे अबकारी नियम आधी विचारून घ्या. घरी बाटली उभी, अंधारात ठेवा. एप्रिल-मेमध्ये फ्रिजबाहेर ठेवली तर पुठ्ठ्याची चव लवकर येते. प्यायच्या आधी दिवसभर हलवू नका, फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटे थांबा, पेला तिरपा धरून एका धारेत ओता आणि गाळ मानेकडे सरकताना दिसला की हात थांबवा.