क्रोम बंपरची एमजीबी की पहिली एमएक्स-5? पारखायचं कसं

ऑक्सफर्डजवळच्या आमच्या घरी या दोन्ही उघड्या टपाच्या, दोन सीटांच्या स्पोर्ट्स गाड्या नांदल्या आहेत: 1973 ची ब्रिटिश एमजीबी आणि 1990 ची जपानी माझदा एमएक्स-5. घ्यायला निघालेला प्रत्येक जण मला आधी हॉर्सपॉवर विचारतो. एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिन सुमारे 95 देतं, माझदाचं 1.6 लिटरचं सुमारे 115. वजन दोघींचंही टनाच्या जरा आत. एवढ्यावर निवड करू नका. एकीची रचना 1962 ची, दुसरी 1989 ची. आधी पत्रा बघा.

दोघींनाही वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही. टप कापडाचा, म्हणून सगळी मदार सिलवर, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीवर. लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून सिलवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे गंज झाकायला लांबी (पुट्टी) भरलेली आहे. एमजीबीचं दार उघडून हळूच लावा. ते खाली घासत असेल आणि वरची फट अरुंद झाली असेल, तर गाडी मधून बसली आहे. अशी गाडी मी रंग कितीही देखणा असला तरी सोडते. माझदात टपाचं पाणी सीटांमागच्या नळ्यांतून खाली जातं. त्या पाल्याने तुंबल्या की पाणी सिलमध्ये साचतं आणि मागच्या चाकाजवळ पत्रा आतून सडतो.

विकणाऱ्याला सांगून ठेवा, इंजिन थंडच हवं. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. थंड माझदाची टिकटिक जरा वेळाने थांबली तर चिंता नाही. एमजीबीत नजर ऑइल प्रेशरच्या काट्यावर; गरम झाल्यावर, पळताना तो 50 पीएसआयच्या वर हवा.

आता चालवून बघा, एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, आणि एमजीबी आधी. माझदातून उतरून तिच्यात बसलात तर स्टिअरिंग जड लागेल आणि तिच्यावर अन्याय होईल. तिचा मागचा ॲक्सल अखंड, कमानपाट्यांवर बसवलेला. खड्ड्यात ती उडी मारते. वळणाआधीच ब्रेक संपवा, मग हलकेच ॲक्सिलरेटर द्या, की काय सुंदर वळते! माझदाची चारही चाकं स्वतंत्र, तिला एवढी मनधरणी लागत नाही. एमजीबीला ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) आहे का, ते नक्की विचारा. नसेल तर ताशी 70 मैलांना इंजिन जवळजवळ 4000 फेऱ्यांवर ओरडत राहतं. 1974 च्या अखेरीपासूनच्या रबरी बंपरवाल्या गाड्या अमेरिकी नियमांसाठी उंच केलेल्या. त्या वळणात जास्त कलतात.

कागदांतही फरक आहे. चाळिशी ओलांडलेल्या, मोठे फेरफार न केलेल्या गाडीला इथे वार्षिक एमओटी तपासणी माफ आहे. म्हणून एमजीबी जाणत्या मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून तपासून घ्या. माझदाचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की जुन्या तपासण्या फुकट वाचता येतात. गंजाचा शेरा वर्षागणिक वाढत गेलाय का, ते बघा.

शेवटी दोन्ही टप स्वतःच्या हाताने उघडून, लावून पाहा. एमजीबीला बाहेर उतरावं लागतं, माझदाचा सीटवरून बसल्या बसल्या होतो. फक्त टप पाडण्याआधी तिच्या मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीची चेन उघडा. थंडीत ती तशीच दुमडली तर तडकते.